वगळलेली नोंद

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

लॅबच्या रजिस्टरमध्ये 'शेरा' असा एक रकाना आहे. त्यात 'पंप बंद', 'नमुना उशिरा आला' असं लिहितात. नमुना घेणाऱ्या माणसाचा पाय दुखतो आहे हे लिहायला रकाना नाही. म्हणून ही वही.

उजव्या गुडघ्याखाली, आतल्या बाजूला, चार बोटं अंतरावर दुखतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून. श्रीगोंद्याजवळच्या साखर कारखान्यात मी लॅब केमिस्ट आहे. हंगाम परवाच सुरू झाला. वरच्या मजल्यावर रस उकळतो तिथून नमुने आणायला बासष्ट पायऱ्या, दिवसातून सहा वेळा. कारण पुरेसं आहे. दुखणं पायऱ्यांच्या आधीचं आहे हे खरं, पण हंगामाआधीच्या साफसफाईतही चढउतार होतीच.

किंचित सूज वाटते. 'वाटते' हा शब्द मला आवडत नाही, म्हणून बाजारातून शिंप्याची टेप आणली. पद्धत: गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून सात सेंटिमीटरवर पेनने खूण, तिथला घेर, तीन वेळा मोजून सरासरी. तुलनेसाठी डावा पाय.

डावा ३३.८. उजवा ३४.३.

उजवा पाय थोडा जाड असतोच.

सहाला अण्णांचा रविवारचा फोन. वडील राळेगणसिद्धीच्या पलीकडे आमच्या गावी एकटे असतात, दोन म्हशी आहेत. आई गेल्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून आमचं बोलणं असं, त्यांच्या दुधाला फॅट किती आणि आमच्या उसाला साखरेचा उतारा किती टक्के:

"फॅट किती लागली?"

"साडेसहा. तुझा उतारा?"

"नऊच्या खाली आहे. सुरुवात आहे अजून."

"हां. जेवलीस?"

"हो."

एक मिनिट चाळीस सेकंद.

२५ नोव्हेंबर

उजवा ३४.५. डावा तोच.

जिना उतरताना कठड्याला धरावं लागलं. कोणी पाहिलं नाही.

२ डिसेंबर

गावातल्या डॉक्टरांकडे गेले. बारा लोक पुढे होते, एक तास दहा मिनिटं.

"कधीपासून?"

"दोन-तीन आठवडे."

"पडलात का?"

"पायरीवर घसरले होते." खरं तर घसरले नव्हते, घसरता घसरता राहिले होते. पण कारण विचारलं की कारण द्यावं लागतं.

"रात्री दुखतं का?"

मी "नाही" म्हटलं.

हे खोटं नाही. रात्री जाग येते, पण झोपेतून उठलेल्या माणसाने दुखणं किती आहे हे ठरवणं भरवशाचं नाही. दिवसाची नोंद मी बसून, घड्याळ बघून, दहापैकी किती असं लिहिते. रात्रीची तशी लिहिता येत नाही. लॅबमध्ये आम्ही तीन रीडिंग घेतो. दोन जवळ असली आणि तिसरं फार लांब गेलं तर ते वगळून दोघांची सरासरी लिहितो. पहिल्याच दिवशी हे मला आमच्या हेड केमिस्टनी, सुनीलकाकांनी, शिकवलं होतं. "ते तिसरं म्हणजे लग्नात रुसलेला मेहुणा. त्याच्यासाठी पंगत थांबवायची नाही."

पाच दिवसांच्या गोळ्या, गरम पट्टी, विश्रांती. "आठ दिवसांत कमी नाही झालं तर या, फोटो काढू," असं ते दोनदा म्हणाले. हंगामात विश्रांती नसते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

१० डिसेंबर

गोळ्यांनी दिवसाचं दुखणं दहात सहावरून तीनवर आलं. उपाय लागू पडला. आठ दिवस झाले, परत जाण्याची गरज नाही.

गोळ्या संपल्या होत्या म्हणून औषधांच्या दुकानातून त्यांचीच आणखी एक पट्टी घेतली. दुकानदाराने काही विचारलं नाही. विचारत नाही म्हणूनच त्याच्याकडे जाते.

या आठवड्यात चार वेळा जाग आली. सरासरीत धरलेलं नाही.

१५ डिसेंबर, रविवार

डावा ३३.८. उजवा ३५.२.

टेप बदलून पाहिली. घरमालकीण पुष्पावतीकाकूंकडून मागून आणली. तिच्यावरही ३५.२.

काकू खाली राहतात, एकट्याच. टेप देताना म्हणाल्या, "काय शिवतीयेस?" मी म्हटलं पडदा. "खिडकी एकच हाय तुझ्या खोलीला, तिला बी पडदा हाय," असं म्हणून त्यांनी टेप दिली. टेपेबरोबर बाजरीची भाकरी आणि ठेचा. मी जेवले आहे म्हणून सांगितलं, तरी ठेवून गेल्या. सकाळी ताट घासून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं. दार वाजवलं नाही, उगाच त्रास.

अण्णांची फॅट सहा पॉइंट आठ. आमचा उतारा दहा. बोलणं संपल्यावर त्यांनी फोन ठेवला नाही. म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "बाकी ठीक?" मी म्हटलं ठीक. हा प्रश्न नवीन होता.

१९ डिसेंबर

आज गाडीतळावर उसाचे नमुने घ्यायला गेले. सव्वाशेच्या वर बैलगाड्या रांगेत होत्या. वजनकाट्यावर नंबर लागायला कधी आठ तास जातात, कधी त्याहून जास्त. तेवढा वेळ माणसं गाडीखालीच जेवतात, झोपतात.

सहाव्या गाडीपाशी पाय उचलेना. मी एका गाडीच्या जूवर टेकले. शेजारच्या गाडीखाली साठीची एक बाई दुसरीची कंबर तेलाने चोळत होती. चोळतानाच माझ्याकडे बघून म्हणाली, "म्याडम, जू बैलाच्या मानेसाठी आसतंय. तुमाला जुंपायचंय का?"

सगळ्या हसल्या. मी उठले.

"बसा वो, मस्करी केली. पाय फरफाटताय तुमी."

"मुरगळलाय."

"कवा?"

नमुन्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. लॅबमध्ये सुनीलकाकांनी सांगितलं, ती लंकाबाई, पाथर्डीकडची. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, दरवर्षी इकडेच येते. ऊसतोडीवाल्यांच्या कंबरा, पाठी, मुरगळलेले पाय तिच्याच हाताखाली बरे होतात. "हाताला गुण आहे बाईच्या. माझी मान तिनंच सरळ केली. वाकडी फक्त नजर राहिली." ते माझ्या पायाकडे बघत नव्हते. मी येताना खुर्ची त्यांनी आधीच ओढून ठेवली होती, तिथे बसून आकडे लिहिले. खुर्ची कोणासाठी ठेवली होती ते विचारायचं राहिलं.

२२ डिसेंबर, रविवार

स्नायूचं दुखणं असेल तर चोळण्याने कमी होईल, हाडाचं असेल तर काही फरक पडणार नाही. दोन्ही बाजूंनी तोटा नाही असा विचार करून कोप्यांवर गेले. कारखान्याच्या मागे, ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्या आहेत तिथे.

लंकाबाई चूल सारवत होती. हात धुतले, तेल कोमट केलं, मला पोत्यावर बसवलं. "घोट्यापासनं वर घेते. दुखलं तर बोंबलायचं, लाजायचं न्हाई. हितं लई मोठमोठे गडी बोंबलून गेलेत."

घोटा, पोटरी. हात जड होता आणि खरंच बरं वाटत होतं. दोन महिन्यांत मला कोणी हात लावलेला नव्हता. हे इथे लिहिण्याचं कारण नाही, पण लिहिलं गेलं.

मग हात गुडघ्याखाली आला आणि थांबला. तिने तळवा ठेवला, दाबला नाही. दुसऱ्या पायावर ठेवला. परत उजव्यावर. मग हात काढून पदराला पुसला.

"न्हाई चोळायची मी."

"का?"

"ऊन लागतंय हाताला. आन हे मऊ न्हाई, दगडावानी हाय. हाडालाच धरून बसलंय. रातीचं दुखतंय का?"

मी पोत्याची मुडपलेली कड सरळ केली.

"दुखतंय," ती म्हणाली. "निजल्यावर जास्ती. कूस बदलली तरी ऱ्हात न्हाई."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई ना. म्हनूनच सांगते, फोटो काढ. आन कुनाच्या बी हातात हा पाय देऊ नको, कितीबी नावाजलेला चोळनारा आसू दे."

मी उठले. तिने तेलाची वाटी झाकली. माझी चप्पल सरळ करून ठेवली आणि खाली बघतच बोलली. "माझ्या भनीची लेक हुती. चवदा वर्साची. गुडघ्याच्या वर आसंच आलं हुतं. शाळेत पडली म्हनली. चाळीस दिस मी चोळला तो पाय, सकाळ-सांज. पोरगी वरडायची आन मी म्हनायची, गाठ फुटतीया, सोस. दवाखान्यात नेली तवा डॉक्टर म्हनला, छातीत गेलंय. तवा न्हाई कळलं माझ्या हाताला. आता कळतंय."

मी "बघते" म्हणून निघाले.

२३ डिसेंबर

एका माणसाच्या तळहातावरून निदान होत नाही. नमुना एक, मोजमाप शून्य. चिडण्याचं कारण नाही, तरी दिवसभर चिडलेली होते.

गाडीतळावर आज शिपायाला पाठवलं.

५ जानेवारी २०२५, रविवार

डावा ३३.७. उजवा ३६.४.

कातडीवर बारीक निळ्या शिरा दिसतात. ताप नाही. वजन अडीच किलो कमी. हंगामात सगळ्यांचंच होतं.

आलेख काढला. रेघ सरळ नाही, वर वळते. रसाच्या टाकीचा असा आलेख असता तर मी सुनीलकाकांना उठवून आणलं असतं आणि ती टाकी बंद करायला लावली असती. इथे कोणाला उठवायचं हे ठरत नाही. रजा मागितली तर कारण लिहावं लागेल, आणि कारण लिहिलं की ते असेल.

अण्णांना "ठीक" म्हटलं.

९ जानेवारी, गुरुवार

सविस्तर लिहायला हवं.

साडेदहाला गेटवरून फोन, तुम्हाला बाई भेटायला आल्यात, आत सोडत नाही. बाहेर गेले तर लंकाबाई. अंगावर उसाची कुसळं, हातात बैलांचा चाबूक.

"काढला का फोटो?"

"काम आहे. हंगाम संपला की..."

"हंगाम!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की वॉचमननं मान वळवली. "मला नको सांगू हंगाम. म्या पोटातल्या पोरासकट हंगाम काढलेत. चल."

"कुठे?"

"गावात. फोटोवाल्याकडं."

"तुमची गाडी रांगेत असेल ना?"

"हाय की. मालक तापानं पडलेत, गाडी मीच आनलीया. पहाटं चारला लावली, म्होरं अकरा ऱ्हायल्यात."

रांगेत गाडीजवळ माणूस नसला की मागचे गाडी बाजूला काढतात आणि नंबर जातो. हा गाडीतळाचा नियम सगळ्यांना माहीत आहे. परत शेवटी लावायची, आणि ऊस उन्हात वाळला की वजन घटतं. मी तिला हे सांगितलं.

"मला शिकीवती व्हय गं? माझी गाडी हाय. माझा नंबर हाय. घालवायचा तर मी घालवीन." मग आवाज खाली आणून, "त्या पोरीच्या येळंला बी मी म्हनले हुते, हंगाम संपू दे."

मी सुनीलकाकांना फोन केला. रजेचं कारण विचारतील म्हणून वाक्य तयार ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "जा. किती दिवस लागतील तेवढे घे. रजिस्टर मी बघतो." महिनाभर वाट बघत असल्यासारखे म्हणाले.

शेअर रिक्षात लंकाबाईने मला कडेला बसवलं आणि माझ्या पायापुढे आपला पाय आडवा धरला, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. रिक्षावाला म्हणाला, "आजी, तिकडं सरका की." ती म्हणाली, "तू म्होरं बघ, न्हाईतर चाबूक हाय माझ्याकडं."

एक्स-रेवाल्याने एक फोटो घेतला, पडद्याकडे बघितलं, मग म्हणाला, "बाजूने एक घेऊ." मग आणखी एक. त्याची बडबड पहिल्या फोटोनंतर थांबली होती. तीन रीडिंग कधी घेतात ते मला माहीत आहे.

फोटो मी उजेडात धरून पाहिला. हाडाची कड पेन्सिलीच्या रेघेसारखी असते. माझ्या हाडाची ती रेघ एका जागी पुसली गेली आहे, आणि तिथून बारीक रेघा बाहेर मांसात गेल्या आहेत, लहान मुलं सूर्याला काढतात तशा. अहवाल दोन ओळींचा. शेवटचे शब्द: तातडीने तज्ज्ञांना दाखवावे.

लंकाबाईला वाचता येत नाही. तिने फोटोकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं आलो," म्हणाली. तिला परत जायला रिक्षात बसवून दिलं. तिच्या गाडीचं काय झालं हे विचारायला हवं होतं.

१० जानेवारी

नगरला हाडांच्या डॉक्टरांकडे. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. मी म्हटलं, गोल बोलू नका, शब्द सांगा.

त्यांनी सांगितलं. हाडाची गाठ दिसते आहे, आणि ती साधी असेल असं फोटोवरून वाटत नाही. नाव गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय द्यायचं नाही. हाडाचा कर्करोग दोन तऱ्हांचा. एक म्हणजे शरीरात दुसरीकडे सुरू होऊन हाडात पोचलेला, तो बहुतेक उतारवयात. दुसरा हाडातच सुरू होणारा, तो क्वचित, आणि त्यातला एक प्रकार नेमका दहा ते पंचवीस या, म्हणजे माझ्या वयातला, गुडघ्याच्या आसपासचा. "म्हणूनच चुकतो. या वयात कोण पडत नाही? प्रत्येकाकडे एक पडल्याची गोष्ट असते."

मी माझी गोष्ट सांगितली नाही.

त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पायावर भार देऊ नका, कुबडी घ्या, हाड मोडलं तर सगळं अवघड होईल. आणि तुकडा इथे कुठे काढून घेऊ नका. जे शस्त्रक्रिया करणार तेच काढतील, कारण सुई कुठून जाते त्यावर पाय वाचवता येणं अवलंबून असतं. पुण्याची चिठ्ठी दिली.

"हे चोळून घेतलंत का कोणाकडून?"

"नाही. तिने नकार दिला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "कोण ती? तिला नमस्कार सांगा माझा."

१२ जानेवारी, रविवार

उद्या पुण्याच्या रुग्णालयात जायचं, म्हणून आजच निघाले. पुष्पावतीकाकूंना ट्रेनिंग म्हणून सांगितलं. त्यांनी दशम्या बांधून दिल्या. मी पिशवी उचलली तशा म्हणाल्या, "ट्रेनिंगला एक्स-रेचं पाकीट लागतं व्हय?" पाकीट पिशवीतून चार बोटं वर आलं होतं. मी ते आत दाबलं. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि रिक्षापर्यंत स्वतः आणली.

अण्णांचा फोन. फॅट साडेसहा. उतारा मला माहीत नव्हता, म्हणून गेल्या रविवारचाच सांगितला.

१४ जानेवारी

रुग्णालयाजवळच्या लॉजमध्ये आहे. खोलीत एक पलंग, एक खुर्ची. कुबडी खुर्चीवर ठेवते, म्हणजे खुर्ची रिकामी राहत नाही.

पूर्ण पायाचा एमआरआय झाला. पंचेचाळीस मिनिटं हलायचं नाही. हे मला चांगलं जमतं. बाहेर सिस्टरने संक्रांतीचा तिळगूळ दिला. "गोड बोला." मी "हो" म्हटलं. दिवसभरात बोललेला तो एकमेव शब्द होता.

१७ जानेवारी

छातीचा स्कॅन. मग तुकडा काढला. जागा बधिर केली होती, सुईचं दुखलं नाही, पण हाडावर सुई टेकल्याचा आवाज कळला. अर्जावर 'सोबतचे नातेवाईक' असा रकाना होता. मी आडवी रेघ मारली. खिडकीवरची बाई म्हणाली, "रेघ चालत नाही." मी म्हटलं, आज चालवून घ्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

अहवाल आला. ऑस्टिओसार्कोमा. हाडातच सुरू होणारा, वेगाने वाढणारा प्रकार. गाठ सात पॉइंट चार सेंटिमीटर. फुफ्फुसं स्वच्छ.

इथल्या डॉक्टर माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. कागदावर पायाचं चित्र काढून दाखवलं. आधी औषधं, दहा-बारा आठवडे. मग शस्त्रक्रिया, रोगट हाड काढून धातूचं बसवायचं. "आजच्या घडीला पाय राहील असं मला वाटतं. गाठ मुख्य रक्तवाहिनीला चिकटलेली नाही." मग पुन्हा औषधं. केस जातील, परत येतील. पुढे मूल हवं असेल तर औषधांच्या आधी काय करता येतं हे बोलायला उद्या एक डॉक्टर येतील. मी याचा कधी विचार केलेला नाही. उद्यापर्यंत करायचा आहे.

"कधीपासून दुखत होतं? नीट सांगा."

"ऑक्टोबरच्या मध्यापासून."

"रात्री?"

"पहिल्या आठवड्यापासून."

त्यांनी लिहून घेतलं. मी विचारलं, "दोन डिसेंबरला मी एका डॉक्टरांकडे गेले होते. रात्री दुखतं का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर?"

"फोटो काढला असता बहुधा. गाठ लहान असती." मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आणि अजून दोन महिने थांबला असतात तर आज फुफ्फुसांबद्दल मी हे वाक्य बोलू शकले असते का, सांगता येत नाही. दोन्ही बाजूंनी मोजा."

मी खाली येऊन बाकावर बसले. जी नोंद सगळ्यात महत्त्वाची होती तेवढीच मी वगळली होती. ती मोजता येत नाही म्हणून नाही. ती मोजली असती तर कोणाला तरी दाखवावी लागली असती म्हणून.

२५ जानेवारी, शनिवार

लंकाबाईकडे फोन नाही. सुनीलकाकांकडून तिच्या टोळीच्या मुकादमाचा, भागवत यांचा, नंबर घेतला. संध्याकाळी सातला त्यांनी तिच्याकडे फोन दिला.

"कोन? म्याडम? आगं जोरात बोल, हितं ट्रॅक्टर हाय."

मी सांगितलं. नाव सांगितलं नाही, तिला त्याचा उपयोग नव्हता. छातीत नाही, एवढं आधी सांगितलं.

ट्रॅक्टर चालूच होता. मग म्हणाली, "न्हाई ना? नीट बघितलंय ना त्यांनी?"

"नीट बघितलंय."

"मंग झालं." नाक ओढल्याचा आवाज. "माझा नंबर गेला बरं का त्या दिशी. दुसऱ्या दिशी दुपारी गाडी खाली झाली. मालक आजून टोचून बोलत्यात, 'म्याडमचा पाय लई म्हागात पडला.' मी म्हनलं, तुमची आख्खी बायको तरी कुटं सवंग पडली!"

मी हसले. लॉजच्या खोलीत हसण्याचा आवाज मोठा येतो.

"जवळ कोन हाय तुझ्या?" तिने विचारलं.

"अण्णा आहेत."

"दे बरं त्यांच्याकडं."

"खाली गेलेत. चहा आणायला."

"बरं. त्यांना म्हनावं, रातच्याला पायाखाली उशी देत जावा." फोन मुकादमाने घेतला.

मी सात वाजून अकरा मिनिटांपर्यंत खुर्चीवरच्या कुबडीकडे बघत बसले. तिने माझ्यासाठी नंबर घालवला आणि मी तिला खोटी नोंद दिली. ती दुरुस्त करायची एकच रीत होती.

अण्णांना फोन लावला. दुसऱ्या रिंगला उचलला.

"आज शनवार हाय," ते म्हणाले.

"हो."

"काय झालं?"

मी क्रमाने सांगितलं. जागा, तारीख, फोटो, तुकडा, नाव, फुफ्फुसं, औषधं, शस्त्रक्रिया. आवाज सरळ राहिला. त्यांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही. मला वाटलं फोन कटला.

"अण्णा?"

"आक्टोबरपासनं म्हनलीस."

"हो."

"म्हंजी दिवाळीला घरी आल्तीस तवा बी."

"हो."

"मी बघितलं हुतं," ते म्हणाले. "पाडव्याच्या दिशी. गोठ्याची पायरी तू आधी डाव्या पायानं चढत हुतीस. एकडाव न्हाई, तीनदा. म्हनलं इचारावं. मंग म्हनलं, सांगायचं आसतं तर सांगितलं आसतं तिनं. इचारलं तर चिडंल." मग म्हणाले, "दर रविवारी फोन लावताना म्हनायचो, आज इचारतो. आन फॅट सांगून ठिवायचो."

ते तिकडे, मी इकडे, दोघंही फोन धरून होतो. किती वेळ ते पाहिलं नाही.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही या."

"निघालोच."

"आत्ता नाही. पारनेरहून आता गाडी नाही. सकाळी या."

"हायवेला उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "कायतरी थांबंल."